रोमच्या छत्राखाली

प्राचीन रोम नगरात जानस नावाच्या देवाचे एक लहानसे देवालय होते. या देवाला दोन मुखे असत; एक पुढे पाहणारे, दुसरे मागे पाहणारे. राज्य युद्धात गुंतलेले असेल तोवर या देवालयाची दारे उघडी ठेवावयाची आणि सर्वत्र शांतता झाली म्हणजे ती लावून घ्यावयाची, असा तेथील रिवाज होता. रोमच्या स्थापनेपासून सुमारे सात शतके लोटली, तरी ही दारे केवळ दोनदा बंद झाली होती, असे रोमन लोक सांगत. इ. स. पूर्व २७ मध्ये ऑगस्टस हा रोमचा पहिला सम्राट झाला. त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत ती दारे तीनदा बंद करण्याचा ठराव झाला, आणि या गोष्टीचा त्याला मोठा अभिमान होता. इ. स. पूर्व ९ मध्ये त्याच्या गौरवार्थ शांतिदेवतेची एक सुंदर संगमरवरी वेदीही उभारण्यात आली. ती उभारली गेली ती मात्र मार्स या युद्धदेवतेच्या मैदानावर!

या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ असाव्यात, हे रोमन मनाला मुळीच विचित्र वाटत नसे. लॅटिन भाषेत 'शांत करणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, तेच 'जिंकून वश करणे' या अर्थानेही वापरले जाई. शत्रू शरण आला, त्याने शस्त्रे खाली ठेवली, ओलीस दिले, कर भरण्याचे मान्य केले, म्हणजे तो मुलुख 'शांत' झाला. ऑगस्टसपासून इ. स. १८० मध्ये मार्कस ऑरेलियस मरण पावला तोपर्यंतच्या सुमारे दोनशे वर्षांच्या काळाला 'रोमन शांतता' असे नाव इतिहासकारांनी दिले आहे. स्पेनपासून सिरियापर्यंत आणि ऱ्हाइन नदीपासून सहारा वाळवंटापर्यंत पसरलेल्या या साम्राज्यात पाच ते सहा कोटी माणसे राहत असावीत, असा अंदाज आहे. एवढा मोठा भूप्रदेश इतका दीर्घ काळ एका छत्राखाली नांदल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात थोडीच आहेत.

ही शांतता आली कशी आणि तिच्या सावलीत माणसे राहिली कशी, हे पाहावयाचे असेल, तर साम्राज्याच्या मध्याकडे पाहून भागत नाही. राजधानीत सारेच झगझगीत दिसते. पाहावे ते कडेला. आणि साम्राज्याची अगदी वायव्येकडची कड म्हणजे ब्रिटनचे बेट.

ब्रिटनमध्ये त्या काळी एक राज्य नव्हते. अनेक टोळ्या होत्या, त्यांचे निरनिराळे राजे होते आणि त्यांच्या आपापसात लढाया चालत. ज्यूलियस सीझर याने इ. स. पूर्व ५५ आणि ५४ मध्ये दोनदा या बेटावर स्वारी केली. परंतु तेथे तो राहिला नाही. खरी चढाई झाली ती इ. स. ४३ मध्ये, सम्राट क्लॉडियस याच्या आज्ञेने. क्लॉडियस हा लढवय्या नव्हता. तो लंगडत चाले, बोलताना अडखळे, आणि दरबारी लोक त्याला हसत. सिंहासनावर बसलेल्या अशा पुरुषाला एखाद्या मोठ्या विजयाची निकड होती. ऑलस प्लॉटियस या सेनापतीच्या हाताखाली चार पलटणी आणि साहाय्यक तुकड्या समुद्र ओलांडून गेल्या. विजय हाताशी आल्यावर सम्राटाला निरोप गेला. तो आला, कॅमुलोडुनम या राजधानीत त्याने प्रवेश केला, आणि अवघे सोळा दिवस ब्रिटनमध्ये राहून तो परत गेला. रोममध्ये त्याच्या विजयाची कमान बांधण्यात आली. अकरा राजे शरण आल्याची नोंद तिच्यावर कोरली होती.

शरण न आलेल्यांमध्ये कॅराटॅकस हा प्रमुख होता. तो कॅटुव्हेलाउनी टोळीच्या राजघराण्यातील. या टोळीचे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे. कॅराटॅकस पश्चिमेकडील डोंगरांत शिरला आणि तेथून त्याने अनेक वर्षे रोमनांशी झुंज दिली. अखेर इ. स. ५१ मध्ये पराभूत होऊन तो उत्तरेकडील कार्टिमांडुआ राणीच्या आश्रयास गेला. ती रोमनांची मांडलिक होती. तिने त्याला बेड्या घालून शत्रूच्या स्वाधीन केले! रोम नगरात त्याची धिंड निघाली. इतर कैदी गयावया करीत होते. हा मात्र ताठ मानेने सम्राटासमोर उभा राहिला. आपण लढलो म्हणूनच सम्राटाच्या विजयाला मोल आहे, आणि आपल्याला जिवंत ठेवले तर त्याच्या क्षमेची कीर्ती राहील, अशा अर्थाचे तो बोलला, असे टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. क्लॉडियसने त्याला त्याच्या कुटुंबासह जीवदान दिले. त्यानंतर रोममधील उंच उंच प्रासाद पाहून त्याने विचारले म्हणे, की ज्यांच्याजवळ हे सारे आहे, त्यांना आमच्या झोपड्यांचा लोभ का सुटावा?

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमधील लोकांना लवकरच मिळाले. चढाईनंतर सहाच वर्षांनी, म्हणजे इ. स. ४९ मध्ये, नैर्ऋत्येकडील मेंडिप टेकड्यांतील खाणींतून शिसे काढले जात होते. रोमन शिक्क्याच्या आणि त्याच वर्षाच्या शिशाच्या लगडी आज सापडल्या आहेत. शिशातून चांदी निघे, आणि चांदी सम्राटाच्या खजिन्यात जाई. याखेरीज धान्य होते, कातडी होती, आणि गुलाम म्हणून विकता येतील अशी माणसे होती.

पूर्व किनाऱ्याकडे इसेनी नावाची एक टोळी राहत असे. तिचा राजा प्रासुटागस हा रोमचा मित्र म्हणून राज्य करी. आपल्या मागे आपल्या घराचे आणि राज्याचे रक्षण व्हावे, म्हणून त्याने मृत्युपत्रात सम्राट नीरो आणि आपल्या दोन मुली यांना मिळून वारस नेमले. अर्धे दिले म्हणजे उरलेले अर्धे तरी सुरक्षित राहील, अशी त्याची समजूत होती. ती फोल ठरली. राजा मरताच रोमन अधिकाऱ्यांनी सारे राज्य जिंकलेल्या मुलखासारखे लुटले. सरदारांची वडिलोपार्जित वतने हिसकावून घेतली. राजाची विधवा बूडिका हिला फटके मारण्यात आले आणि तिच्या मुलींची विटंबना करण्यात आली. शेजारच्या टोळीचीही गाऱ्हाणी होती. कॅमुलोडुनम येथे सेवानिवृत्त रोमन सैनिकांची वसाहत वसविताना तेथील शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावले होते, आणि मृत क्लॉडियसच्या नावाने बांधलेल्या भव्य देवालयाचा खर्च त्यांच्याच माथी मारला होता. ज्याने त्यांना जिंकले, त्याचीच पूजा त्यांनी आपल्या पैशाने करावयाची!

इ. स. ६० किंवा ६१ मध्ये बूडिकाच्या नेतृत्वाखाली सारा पूर्वभाग उठला. रोमन प्रांताधिपती सुएटोनियस पॉलिनस त्या वेळी दूर पश्चिमेस मोना बेटावर लढत होता. बंडवाल्यांनी कॅमुलोडुनम जाळले; त्या देवालयात आश्रय घेतलेले लोक दोन दिवसांत मारले गेले. मग लोंडिनियम, म्हणजे आजचे लंडन, आणि त्यामागून व्हेरुलॅमियम ही गावे जाळली. या तीन ठिकाणी सत्तर हजार माणसे मेली असे टॅसिटस सांगतो. आकडा फुगवलेला असेल. परंतु आगीविषयी शंका नाही. लंडनमध्ये आणि कोल्चेस्टरमध्ये, म्हणजेच जुन्या कॅमुलोडुनममध्ये, खोल खणले असता भाजलेल्या तांबूस मातीचा थर आजही लागतो. पुढे पॉलिनस परतला, आणि शिस्तबद्ध रोमन सैन्यापुढे बंडवाल्यांची अफाट सेना टिकली नाही. आपल्या माणसांचा पराक्रम पाहण्यासाठी बायकामुलांना गाड्यांत बसवून आणले होते. त्याच गाड्यांमुळे पळण्याची वाट अडली. बूडिकाने विष घेतले असे म्हणतात.

पॉलिनसने नंतर सूड उगवण्यास आरंभ केला. येथे एक नवा मनुष्य पुढे येतो. ज्यूलियस क्लासिसियानस हा प्रांताचा महसूल पाहणारा अधिकारी म्हणून आला होता. हा मुळचा रोमन नव्हे; याचे घराणे गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचे असावे. गॉल देश सीझरने शंभरएक वर्षांपूर्वी अशाच रक्तपाताने जिंकला होता. क्लासिसियानसने सम्राटाला कळविले, की हा प्रांताधिपती बदलल्याखेरीज या मुलखाला स्वस्थता लाभणार नाही. चौकशी झाली, आणि काही काळाने पॉलिनसला परत बोलाविण्यात आले. क्लासिसियानसला ब्रिटनची दया आली, की उजाड शेतांतून महसूल वसूल होत नाही एवढेच त्याने पाहिले, हे सांगता येणार नाही. दोन्ही खरे असू शकेल. त्याच्या समाधीच्या शिळा लंडनच्या जुन्या तटात बसविलेल्या सापडल्या आणि आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती समाधी त्याच्या पत्नीने बांधली. तिचे नाव ज्यूलिया पॅकाटा. 'पॅकाटा' याचा अर्थ 'शांत केलेली'. तिचा पिता गॉलमधील एक सरदार होता, आणि आपल्याच लोकांचे बंड मोडण्यास त्याने रोमला साहाय्य केले होते असे मानतात. त्याने मुलीला हे नाव दिले, यावरून जिंकलेल्या देशातील वरचा वर्ग दोन पिढ्यांत कसा बदलतो, हे ध्यानात येते.

ब्रिटनमध्येही तसेच घडले. इ. स. ७७ च्या सुमारास ॲग्रिकोला हा प्रांताधिपती म्हणून आला. तो टॅसिटसचा सासरा. त्यामुळे त्याच्याविषयी आपल्याला पुष्कळ माहिती मिळते. त्याने उत्तरेस स्कॉटलंडपर्यंत युद्धे केली, आणि हिवाळ्यात, लढाया थांबल्या म्हणजे, दुसरे काम हाती घेतले. लोकांना देवळे, चौक आणि घरे बांधण्यास उत्तेजन दिले. टोळीप्रमुखांच्या मुलांना लॅटिन भाषेचे व वक्तृत्वाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली. जी भाषा बापांनी शत्रूची म्हणून टाळली, तीच मुले हौसेने बोलू लागली. रोमन झगा प्रतिष्ठेचा झाला. स्नानगृहे आली, मेजवान्या आल्या. यावर टॅसिटसचा अभिप्राय मोठा मार्मिक आहे. भोळ्या लोकांना जी सुधारणा वाटली, तो वस्तुतः त्यांच्या दास्याचाच एक भाग होता, असे तो सुचवितो. त्याच ग्रंथात त्याने कॅल्गॅकस नावाच्या स्कॉटलंडमधील एका वीराच्या तोंडी एक भाषण घातले आहे. रोमनांची शांतता म्हणजे ओसाड केलेला मुलुख, असा त्या भाषणाचा रोख आहे. हे शब्द टॅसिटसचे स्वतःचे आहेत. रणांगणावर कोणी ते टिपून घेतले नव्हते. परंतु रोमच्या वरिष्ठ पदावर चढलेल्या एका रोमन मनुष्याने आपल्याच राज्याविरुद्ध इतके परखड लिहावे, हेही थोडे नवल नव्हे.

ॲग्रिकोला गेल्यावर उत्तरेकडील बराचसा मुलुख रोमनांनी सोडून दिला. इ. स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियन स्वतः ब्रिटनला आला आणि त्याच्या आज्ञेने बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीची तटबंदी बांधण्यास प्रारंभ झाला. दर रोमन मैलाला एक लहान गढी आणि दरवाजा, मधून मधून टेहळणीचे बुरूज, आणि काही अंतरावर मोठ्या छावण्या, अशी तिची रचना होती. दरवाजे होते, म्हणजे ये-जा होती. परंतु ती पहारेकऱ्यांच्या नजरेखालून. ब्रिटनमधील सैन्य चाळीस-पन्नास हजारांच्या घरात होते. साऱ्या साम्राज्याच्या सैन्याचा सुमारे दहावा भाग या एका दूरच्या प्रांतात अडकून पडला होता. शांतता स्वस्त नव्हती.

या सीमेवरच्या सैनिकांत इटलीतून आलेले लोक फारसे नव्हते. कोणी आजच्या हॉलंडमधील, कोणी बेल्जियममधील, कोणी स्पेनचे. कारव्हॉरन येथील छावणीत तर सिरियातून आणलेले तिरंदाज होते. म्हणजे काल जिंकलेल्या लोकांकडून आज नवे लोक ताब्यात ठेवावयाचे, ही रोमची युक्ती होती. पंचवीस वर्षे चाकरी झाली की अशा सैनिकास रोमन नागरिकत्व मिळे, आणि मागितल्यास त्याची ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेली सनदही मिळे.

हे लोक कसे राहत, हे एका योगायोगाने आपल्याला फार जवळून कळले आहे. तटबंदीच्या थोडे दक्षिणेस व्हिंडोलांडा नावाची छावणी होती. तेथील ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत इ. स. १९७३ मध्ये उत्खनन चालू असता लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले. त्यांवर शाईने लिहिलेले होते. पुढे असे शेकडो पापुद्रे निघाले. बहुतेक लिखाण इ. स. १०० च्या आगेमागे झालेले. ते कोणी इतिहासासाठी लिहिले नव्हते, म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे. एका हजेरीपत्रकात तुकडीची एकूण संख्या ७५२ आहे, आणि त्यांपैकी ४५६ माणसे बाहेरगावी कामावर आहेत. उरलेल्यांत १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले! कोणाला घरून मोजे, पादत्राणे आणि आतून घालावयाच्या चड्ड्या पाठविल्याचे पत्र आहे. कोणी अधिकारी आपल्या माणसांसाठी बीअर संपली, पाठवावी, अशी विनंती करतो. क्लॉडिया सेव्हेरा नावाची एका अधिकाऱ्याची पत्नी आपल्या वाढदिवसासाठी सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला अगत्याचे बोलावणे धाडते. ती तारीख ११ सप्टेंबर. पत्र लेखनिकाने लिहिले आहे. परंतु शेवटचे चार मायेचे शब्द सेव्हेराने स्वतःच्या हाताने घातले आहेत. एखाद्या स्त्रीच्या हातचे लॅटिन लेखन म्हणून याहून जुने क्वचितच काही उपलब्ध आहे.

त्याच छावणीतील एका हिशेबात दोन रोमन नाण्यांचे मिरे घेतल्याची नोंद आहे. मिरे ब्रिटनमध्ये पिकत नाहीत, इटलीतही नाहीत. ते भारताच्या मलबार किनाऱ्यावरचे. मोसमी वाऱ्यांवर जहाजे हाकारून व्यापारी ते तांबड्या समुद्रापर्यंत नेत. तेथून उंटांवरून नाईल नदीवर, मग अलेक्झांड्रिया, मग रोम, आणि मग रस्त्यारस्त्याने धुक्याने भरलेल्या त्या छावणीत. पश्चिम किनाऱ्यावरील भडोच, सोपारे आणि कल्याण या बंदरांची नावेही त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या ग्रंथात आली आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची एक सुबक ब्राँझची मूर्ती मिळाली आहे. भारताकडे दरसाल पाच कोटी नाणी वाहून जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली होती. सैन्यातल्या एका साध्या माणसाला मिरे परवडावे, हे या शांततेचे फळ होय. भूमध्य समुद्रावर चाचे उरले नव्हते. साम्राज्यात सुमारे ८०,००० किलोमीटरचे मुख्य रस्ते होते. मध्ये किंचित उंच, दोन्ही बाजूंना उतार आणि चर, तळाशी दगड व वर खडी अशी त्यांची बांधणी असे. ते सैन्यासाठी बांधले खरे. परंतु त्यांवरून चालले ते अधिक करून बैल, खेचरे आणि व्यापारी.

याच पापुद्र्यांत एक अर्ज आहे, आणि तो वाचताना मन थबकते. अर्जदार हा व्यापारी असावा. त्याला छावणीतील कोणा अधिकाऱ्याने छड्यांनी रक्त निघेपर्यंत मारले आहे, त्याचा माल ओतून टाकला आहे. त्याने अधिकाऱ्यांकडे दाद मागितली; ती मिळाली नाही; म्हणून तो आता प्रांताधिपतीकडे, कदाचित सम्राटाकडेही, न्याय मागतो. दूरच्या सीमेवरील एका सामान्य माणसाला इतक्या वरपर्यंत अर्ज करावासा वाटला, कायदा आपल्यालाही आहे असे वाटले, ही रोमच्या राज्याची थोरवीच म्हटली पाहिजे. परंतु त्याने आपली बाजू मांडताना काय म्हटले आहे? आपण निरपराध आहोत, आणि आपण समुद्रापलीकडचे आहोत. म्हणजे येथल्या माणसाला मारले असते, तर ते वेगळे होते! दुसऱ्या एका टिपणात ब्रिटनमधील लोकांच्या लढण्याच्या पद्धतीविषयी लिहिताना लेखकाने त्यांच्यासाठी तुच्छतादर्शक शब्द वापरला आहे. आपण 'ब्रिटुकले' म्हणावे, तसा. ज्यांच्या भूमीवर छावणी उभी होती, ते लोक या सगळ्या पत्रव्यवहारात फार थोड्या ठिकाणी दिसतात, आणि दिसतात ते असे.

दक्षिणेकडे चित्र निराळे होते. तेथे नगरे उभी राहिली, त्यांचा कारभार स्थानिक धनिकांच्या सभा पाहू लागल्या. कर गोळा करावयाचा, रस्ते दुरुस्त ठेवावयाचे, भांडणे मिटवावयाची, हे काम त्यांच्याकडे. रोमचे स्वतःचे अधिकारी मोजकेच असत. आज बाथ म्हणून प्रसिद्ध असलेल्या गावी गरम पाण्याचा झरा आहे. तेथे पूर्वीपासून सुलिस या देवीची पूजा होत असे. रोमनांनी तिला हटविले नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिची सांगड घालून 'सुलिस मिनर्व्हा' असे जोडनाव त्यांनी तिला दिले आणि झऱ्यावर मोठे देवालय व स्नानगृह बांधले. त्या झऱ्यात शिशाच्या पत्र्यांवर कोरून टाकलेली सुमारे १३० गाऱ्हाणी सापडली आहेत. बहुतेक चोरीची. डोसिमेडिस नावाच्या मनुष्याचे दोन हातमोजे गेले होते. चोराची बुद्धी आणि डोळे देवीने हिरावून घ्यावेत, अशी त्याची मागणी आहे. हातमोज्यांसाठी एवढी शिक्षा जरा जास्तच! परंतु गाऱ्हाणे लॅटिनमध्ये आहे हे पाहण्यासारखे आहे. ॲग्रिकोलाच्या काळी सरदारांच्या मुलांना शिकवावी लागलेली भाषा आता हातमोजे हरवलेला माणूसही वापरीत होता.

रानावनांतील शेतकऱ्यांचे जीवन मात्र फारसे पालटले नाही. पुष्कळ ठिकाणी ते पूर्वजांसारख्याच गोल, गवताने शाकारलेल्या घरांत राहत आले. त्यांच्या घरी एखादे लाल झिलईचे गॉलमधले भांडे आले, बाजारात नाणे आले, आणि दर हंगामाला कर मागणारा माणूस आला.

आता कॅराटॅकसच्या टोळीकडे वळू. तटबंदीच्या पूर्व टोकाजवळ, साउथ शील्ड्स या गावी, इ. स. १८७८ मध्ये एक कोरीव समाधिशिळा सापडली. ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असावी. शिळेवर एक स्त्री वेताच्या खुर्चीत बसली आहे. मांडीवर चाती आहे, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. मुख झिजून नाहीसे झाले आहे. तिचे नाव रेजिना, वय तीस वर्षे, जात कॅटुव्हेलाउनी, असे खाली लॅटिनमध्ये कोरलेले आहे. 'रेजिना' म्हणजे राणी. परंतु ही राणी नव्हती. ही गुलाम होती. ती गुलामगिरीत कशी पडली, हे शिळा सांगत नाही. तिला विकत घेणारा बाराटेस हा सिरियाच्या वाळवंटातील पाल्मायरा नगराचा रहिवासी. हजारो कोस ओलांडून तो या थंड किनाऱ्यावर आला होता. त्याने तिला मुक्त केले आणि तिच्याशी विवाह केला. ती गेली तेव्हा हा खर्चिक दगड त्याने घडवून घेतला. लॅटिन मजकुराखाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि लिपीत आहे. आजूबाजूच्या फारच थोड्या लोकांना ती वाचता आली असती. तीत रेजिनाचे आणि त्याचे नाव आहे, ती त्याने मुक्त केलेली आहे एवढे आहे, आणि शेवटी शोकाचा एकच उद्गार आहे.

सिरियाचा माणूस आणि ब्रिटनची स्त्री एका घरात यावीत, हे रोमच्या राज्यामुळे घडले. तिला बाजारात उभे राहावे लागले, तेही त्याच राज्यात.

इ. स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व मुक्त रहिवाशांना रोमन नागरिक केले. यामागे करांची वसुली वाढविण्याचा हेतू होता, असे त्याच काळच्या डिओ या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हेतू काहीही असो, बूडिकाच्या टोळीचे वंशज आणि तिला फटके मारणाऱ्यांचे वंशज त्या दिवसापासून कायद्याने सारखे झाले. गुलामांना मात्र या हुकुमाने काही दिले नाही.

पुढे साम्राज्याचा पाया खचला. ठिकठिकाणचे सेनापती सम्राट होऊ पाहू लागले आणि ब्रिटनमधील सैन्य एकेका स्पर्धकाबरोबर समुद्रापार गेले. इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरील रोमचा अंमल संपला. त्यानंतर सैनिकांचा पगार येईना, म्हणून नवी नाणी येईनात. नाणी नाहीत म्हणून बाजार ओस पडले. बाजार नाही म्हणून चाकावर भांडी घडविणारे कुंभारही एका पिढीत दिसेनासे झाले. बाथच्या स्नानगृहात चिखल साचला आणि एके दिवशी त्याचे छत खाली आले. मागाहून आलेल्या लोकांनी हेड्रियनच्या तटाचे चांगले घडलेले दगड काढून नेले आणि त्यांतून चर्च, वाडे आणि शेताचे बांध उभे केले. त्या बांधांच्या आडोशाने तेथे अजूनही मेंढ्या चरतात.